युद्ध, बॉम्बस्फोट, दिवाळखोरी आणि तरीही पर्यटक: श्रीलंकेने आपली प्रतिमा नेमकी कशी सावरली?

सहलसंयोजक_नाशिक यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्ये लहान प्रमाणावर सहली आयोजित करतो आणि गेली काही वर्षे कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा अशी नेहमीची श्रीलंकेची सहलही करतो. नावनोंदणीच्या वेळी ग्राहकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तिथे आता सगळे ठीक आहे ना?" या 'आता'चा अर्थ मात्र दर काही वर्षांनी बदलत गेला आहे. आधी तो यादवी युद्धाविषयी होता, २०१९ नंतर बॉम्बस्फोटांविषयी झाला, २०२२ मध्ये पेट्रोलच्या रांगांविषयी आणि नोव्हेंबर २०२५ मधील 'दितवा' चक्रीवादळानंतर दरडी व वाहून गेलेल्या रस्त्यांविषयी.

कुतूहल म्हणून मी पर्यटकसंख्येचे अधिकृत आकडे पाहिले. युद्ध संपले त्या २००९ मध्ये श्रीलंकेत सुमारे ४ लाख ४८ हजार परदेशी पर्यटक आले होते. २०१८ मध्ये तीच संख्या २३ लाख ३४ हजारांच्या घरात गेली. २०२१ मध्ये महामारीमुळे ती दोन लाखांच्याही खाली आली, २०२२ मध्ये सात लाख वीस हजारांपर्यंत वर आली आणि २०२४ मध्ये पुन्हा साडेवीस लाखांवर पोहोचली. इतके आघात सोसूनही प्रत्येक वेळी पर्यटक परत येत असतील, तर त्यामागे कोणते तरी धोरण असले पाहिजे असे मला वाटते. हे यश जाहिरातींचे, स्वस्ताईचे, की लोकांच्या विस्मरणशक्तीचे? आणि विकसनशील देशाची पर्यटनस्थळ म्हणून बिघडलेली प्रतिमा खरोखर 'बांधता' येते का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

विमापत्र_पुणे यांचा प्रतिसाद:

आपला प्रश्न चांगला आहे, परंतु त्यातील 'धोरण' या शब्दाशी मी पूर्णपणे सहमत नाही. मी अनेक वर्षे प्रवासविम्याच्या क्षेत्रात काम केले आहे आणि माझ्या दृष्टीने एखाद्या देशाची प्रतिमा प्रवाशाच्या मनात ठरण्याआधी ती विमा कंपन्यांच्या आणि परराष्ट्र खात्यांच्या टेबलावर ठरते.

२४ जुलै २००१ रोजी लिट्टे या तमिळ फुटीरतावादी संघटनेने कोलंबोजवळच्या कटुनायके येथील विमानतळावर आणि शेजारच्या हवाई तळावर हल्ला केला. श्रीलंकन एअरलाइन्सची विमाने त्यात नष्ट झाली किंवा निकामी झाली. पर्यटकांना त्या रात्री इजा झाली नव्हती, तरीही लंडनच्या विमा बाजाराने श्रीलंकेत येणाऱ्या विमानांसाठी आणि जहाजांसाठी युद्धजोखमीचा हप्ता इतका वाढवला, की अनेक कंपन्यांना तिथे जाणे परवडेनासे झाले. विमानेच येईनात, तेव्हा कोलंबोत कितीही सुंदर पोस्टरे छापली असती तरी त्यांचा काही उपयोग झाला नसता. पुढे फेब्रुवारी २००२ मध्ये युद्धबंदी झाली, जोखीम उतरली, विमाने परतली आणि २००३ मध्ये पर्यटकसंख्येने प्रथमच पाच लाखांचा आकडा गाठला. त्या दोन वर्षांत श्रीलंकेचे डोंगर, किनारे, मंदिरे यांपैकी काहीच बदललेले नव्हते.

२०१९ चे उदाहरण याहून स्पष्ट आहे. २१ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, कोलंबो, नेगोंबो आणि बट्टिकलोआ येथील तीन चर्चमध्ये आणि कोलंबोच्या तीन पंचतारांकित हॉटेलांमध्ये स्फोट झाले. अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत चाळीसहून अधिक परदेशी होते. युद्धाच्या काळात पर्यटक सहसा लक्ष्य नसत. या वेळी हॉटेलांच्या न्याहारीच्या दालनांत स्फोट घडवले गेले. त्यामुळे मे २०१९ मध्ये केवळ ३७,८०२ पर्यटक आले. आदल्या वर्षीच्या मेच्या तुलनेत ही सत्तर टक्क्यांहून अधिक घट होती.

आता पुढचे पाहा. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याने 'अत्यावश्यक नसेल तर जाऊ नका' असा इशारा दिला होता. असा इशारा असताना गेलेल्या ब्रिटिश प्रवाशाचा सर्वसाधारण प्रवासविमा सहसा लागू राहत नाही, आणि विम्याविना तिथल्या सहल कंपन्या गट पाठवत नाहीत. भारताचाही असाच इशारा होता. मेअखेर आणि जूनमध्ये हे इशारे सौम्य झाले, जुलैत पर्यटकसंख्या १ लाख १५ हजारांवर गेली आणि डिसेंबर २०१९ मध्ये ती आदल्या डिसेंबरपेक्षा जेमतेम पाच टक्क्यांनी कमी होती. आठ महिन्यांत झालेल्या या सुधारणेचे श्रेय एखाद्या घोषवाक्याला देणे मला तरी अवघड वाटते. कोलंबोतील अधिकाऱ्यांनी त्या काळात केलेले सर्वांत मोलाचे काम म्हणजे परदेशी दूतावासांना सुरक्षेची स्थिती वेळोवेळी दाखवून इशारे उतरवून घेणे. ते काम वर्तमानपत्रांत झळकत नाही, म्हणून त्याची चर्चाही होत नाही.

---

किनारपट्टी यांचा प्रतिसाद:

विमापत्र यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण ते चित्राचा अर्धा भागच दाखवते. मी सहा-सात वर्षे कोलंबो आणि गॉल परिसरात हॉटेल व्यवसायात नोकरी केली; मराठी माणसे तिथे फार भेटत नाहीत, त्यामुळे भारतीय पाहुण्यांच्या सगळ्या तक्रारी माझ्याकडेच येत असत.

घोषवाक्यांविषयी आधी लिहितो. 'अ लँड लाइक नो अदर' हे जुने वाक्य बऱ्यापैकी रुळले होते. युद्ध संपल्यावर 'स्मॉल मिरॅकल' आले, ते अल्पावधीत बाजूला पडून 'वंडर ऑफ एशिया' आले, नोव्हेंबर २०१८ मध्ये लंडनच्या पर्यटन मेळाव्यात 'सो श्रीलंका' जाहीर झाले आणि २०२३ मध्ये 'यू विल कम बॅक फॉर मोअर'. सरकार बदलले की मंडळ बदलते, मंडळ बदलले की वाक्य बदलते, आणि नव्या वाक्यासाठी काढलेली निविदा मध्येच अडकते. वास्तविक २००५ च्या पर्यटन कायद्याने विकास, प्रसिद्धी, प्रशिक्षण आणि परिषदा यांसाठी स्वतंत्र संस्था निर्माण केल्या आणि हॉटेलांच्या उलाढालीवरील एक टक्का अधिभार त्यांच्यासाठी राखून ठेवला. म्हणजे पैसा आणि यंत्रणा दोन्ही होती. तरीही मोठी जागतिक जाहिरात मोहीम वर्षानुवर्षे रखडली आणि २०१८ चा विक्रम तिच्याशिवायच झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये कँडीत मुस्लिमविरोधी दंगली होऊन आणीबाणी लागली होती आणि ऑक्टोबरमध्ये देशात दोन पंतप्रधान असल्याचा घटनात्मक पेच उभा राहिला होता. पण त्याच ऑक्टोबरमध्ये 'लोनली प्लॅनेट'ने २०१९ साठी जगातील पहिल्या क्रमांकाचा देश म्हणून श्रीलंकेची निवड केली. (सहा महिन्यांनी काय होणार आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक होते!)

माझ्या अनुभवात प्रतिमा घडते किंवा बिघडते ती विमानतळावरच्या पहिल्या तासात. श्रीलंकेने २०१२ पासून संगणकीय प्रवासपरवाना सुरू केला आणि ती व्यवस्था बऱ्यापैकी सुरळीत चालत असे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अठ्ठेचाळीस देशांच्या नागरिकांना व्हिसाशुल्क माफ झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारत, चीन, रशिया यांच्यासह सात देशांना तीच सवलत मिळाली आणि भारतीय पाहुण्यांची संख्या लगेच वाढली. आणि मग एप्रिल २०२४ मध्ये, सगळे मार्गी लागत असताना, व्हिसाचे काम परदेशी कंपन्यांच्या गटाकडे सोपवले गेले, शुल्क वाढले, विमानतळावर रांगा लागल्या, त्यांच्या चित्रफिती पसरल्या आणि अखेर ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती व्यवस्था स्थगित करावी लागली. दहशतवाद्यांनी केलेले नुकसान आठ महिन्यांत भरून काढणारा देश स्वतःच्याच हाताने असे नुकसान करून घेतो, याचे मला आजही नवल वाटते.

दुसरी गोष्ट दरांची. २०२२ च्या वसंतात श्रीलंकेचा रुपया डॉलरमागे साधारण दोनशेवरून साडेतीनशेच्या पलीकडे घसरला. परदेशी माणसाला देश एकदम स्वस्त झाला, परंतु पंपावर पेट्रोल नव्हते. ऑगस्टमध्ये पर्यटकांसाठी इंधनाचा वेगळा पास निघाला. स्थानिक रिक्षावाला आठवड्याच्या तुटपुंज्या कोट्यावर दिवस काढत असताना पाहुण्यांच्या गाडीला इंधन मिळत होते, आणि तरीही मला त्या काळात रिक्षावाल्यांनी पाहुण्यांवर राग काढल्याचे आठवत नाही. कदाचित पाहुण्याच्या गाडीबरोबरच आपलाही धंदा सुरू होईल हे त्यांना कळत असावे. पुढे दिवस सुधारले तशी दुसरी तक्रार सुरू झाली. एप्रिल २०२४ मध्ये कोलंबोच्या अळुत्कडे भागात एका विक्रेत्याने परदेशी यूट्यूबरला कोत्तूच्या (रोटीचे तुकडे परतून केलेल्या पदार्थाच्या) एका ताटलीचे १,९०० रुपये सांगून वर दमदाटी केल्याची चित्रफीत सर्वत्र फिरली आणि पोलिसांनी त्याला अटक केली. अटकेने बातमी झाली. दरपत्रक लावण्याची सवय लागली का, तर नाही.

आपण दिलेल्या संख्येत एक गोष्ट राहून गेली, ती म्हणजे उत्पन्न. २०१८ मध्ये पर्यटनातून सुमारे ४३८ कोटी डॉलर मिळाले होते, २०२४ मध्ये सुमारे ३१७ कोटी. ढोबळ भागाकार केला तर एका पर्यटकामागचे उत्पन्न १,८८० डॉलरवरून १,५४० पर्यंत आले आहे. मोजणीच्या पद्धतीतील फरक गृहीत धरला तरी एवढे उघड आहे, की माणसे जवळजवळ परतली, पण पैसा त्या प्रमाणात परतला नाही. प्रतिमा 'स्वस्त' म्हणून सावरली असेल, तर ती सावरली असे म्हणावे का, हा प्रश्न मी सर्वांपुढे ठेवतो.

---

उत्तरेकडून यांचा प्रतिसाद:

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु दोघांनीही 'श्रीलंका' म्हणताना बहुतांशी दक्षिण आणि पश्चिम किनारा गृहीत धरला आहे. मी संशोधनाच्या निमित्ताने उत्तरेतील जाफना आणि मुल्लैतिवू जिल्ह्यांत राहिले आहे, आणि तिथून पाहिले तर युद्धानंतरची प्रतिमानिर्मिती वेगळीच दिसते.

मे २००९ मध्ये युद्ध संपले तेव्हा अखेरच्या महिन्यांत नागरिकांचे प्रचंड मृत्यू झाले होते, आणि त्याविषयी संयुक्त राष्ट्रांत प्रश्न विचारले जात होते. त्याच काळात सरकारने पर्यटनाला शांततेचा पुरावा म्हणून पुढे केले. दक्षिणेतून बसगाड्या भरून सिंहली पर्यटक उत्तरेत येऊ लागले. पुदुकुडियिरिप्पु येथील लिट्टेप्रमुख प्रभाकरनचे भूमिगत ठाणे काही काळ पाहण्यासाठी खुले होते. २०१३ मध्ये लष्कराने ते स्फोटाने उडवून दिले. लोक ते कुतूहलाने पाहायला येत होते की श्रद्धेने, हा संभ्रम सरकारला बहुधा नकोसा झाला असावा. लष्कराने स्वतःची विश्रामगृहे आणि हॉटेले चालवायला घेतली, नौदलाने देवमासे दाखवणाऱ्या बोटी सुरू केल्या. जाफना जिल्ह्यातील कांकेसंतुरैच्या किनाऱ्यावर लष्कराचे अतिथिगृह होते, आणि त्याच परिसरातील मूळ रहिवासी उच्चसुरक्षा क्षेत्रामुळे घराबाहेर, विस्थापितांच्या छावण्यांत राहत होते. ज्याची जमीन गेली त्याच्या दृष्टीने ही 'सावरलेली प्रतिमा' कशी दिसत असेल, याचा विचार आपण करायला हवा.

याचा अर्थ उत्तरेला पर्यटन नको आहे असा नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये 'याळ देवी' ही रेल्वे जवळपास पाव शतकानंतर जाफना स्थानकात आली, तेव्हा तिच्या स्वागताला उभे असलेले लोक कोणी जबरदस्तीने आणलेले नव्हते. २०१९ मध्ये जाफन्याजवळच्या पलाली येथील विमानतळ आंतरराष्ट्रीय झाला, चेन्नईशी विमानसेवा सुरू झाली आणि २०२३ मध्ये तमिळनाडूतील नागपट्टिनमहून कांकेसंतुरैला बोटही निघाली. १९८१ मध्ये जाळले गेलेले जाफना सार्वजनिक ग्रंथालय आज पुन्हा पांढरेशुभ्र उभे आहे आणि बरेच पर्यटक त्याचे छायाचित्र काढून पुढे जातात. आत काय जळाले होते हे सांगणारा मार्गदर्शक त्यांना मिळत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे. ज्या देशाला युद्धाची प्रतिमा पुसायची असते, तो अनेकदा युद्धाची आठवणही पुसतो, आणि त्यामुळे तिथल्या माणसांना स्वतःची गोष्ट सांगून चार पैसे मिळवण्याची संधीही जाते.

---

सहलसंयोजक_नाशिक यांचा प्रतिसाद:

उत्तरेकडून ताई, आपला मुद्दा गंभीर आहे आणि मी त्या बाजूने कधी पाहिले नव्हते. मात्र व्यवहाराचा प्रश्न उरतोच. माझ्या गटातील लोक प्रामुख्याने रामायणाशी जोडलेली स्थळे पाहायला येतात. सीता एलियाचे मंदिर, रंबोडाचा हनुमान, मुन्नेश्वरम एवढे झाले की त्यांचे समाधान होते. त्यांना जाफन्याला नेणे हे माझ्यासारख्या लहान संयोजकाला कितपत शक्य आहे? आणि श्रीलंकेने भारतीयांसाठी 'रामायण' आणि ब्रिटिशांसाठी 'चहाचे मळे' अशा वेगवेगळ्या प्रतिमा तयार केल्या, हेही एक धोरणच नव्हे का?

---

धम्मयात्री_नागपूर यांचा प्रतिसाद:

तिसरीही प्रतिमा आहे, आणि ती कोणत्याही मंडळाने तयार केलेली नाही. विदर्भ-मराठवाड्यातून बौद्ध यात्रेकरूंचे गट श्रीलंकेला जातात. आमच्यासाठी श्रीलंका म्हणजे अनुराधापूरचा बोधिवृक्ष, मिहिंतले आणि बुद्धाच्या दाताचा अवशेष जपणारे कँडीचे दंतधातू मंदिर. बाबासाहेब आंबेडकर १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने त्या देशात गेले होते, आणि आमच्या गटातील ज्येष्ठ माणसे त्या संदर्भानेच तो देश ओळखतात.

ही स्थळेही हिंसेपासून सुटली नव्हती. मे १९८५ मध्ये अनुराधापुरात लिट्टेने शंभराहून अधिक लोकांना मारले आणि त्यांत बोधिवृक्षाच्या परिसरातील भाविक होते. जानेवारी १९९८ मध्ये दंतधातू मंदिराच्या दारात स्फोटकांनी भरलेला ट्रक उडवला गेला. तरीही यात्रा पूर्णपणे थांबली नाही. सहलीसाठी जाणारा माणूस बातमी वाचून मालदीवचे तिकीट काढतो. यात्रेकरूला बोधिवृक्ष दुसरीकडे सापडत नाही. त्यामुळे प्रतिमा बिघडलेल्या काळात असा प्रवासीच देशाला आधार देतो, पण पर्यटन मंडळे त्याच्याकडे कमी खर्च करणारा म्हणून दुर्लक्ष करतात. आमच्या गटांना चांगली धर्मशाळा, साधे शाकाहारी जेवण आणि हिंदी किंवा मराठी समजणारा मार्गदर्शक मिळाला तरी पुरे. आजही असा मार्गदर्शक आम्हाला मोठ्या मुश्किलीने मिळतो, आणि भारत हा श्रीलंकेत सर्वाधिक पर्यटक पाठवणारा देश आहे, २०२४ मध्ये चार लाखांहून अधिक.

रामायणाच्या स्थळांविषयी वाद घालण्याची माझी इच्छा नाही. त्यांतील बऱ्याच ठिकाणांच्या इतिहासाविषयी श्रीलंकेतील अभ्यासकांनीच शंका घेतल्या आहेत, एवढे आपण ग्राहकांना सांगावे असे वाटते.

---

किनारपट्टी यांचा प्रतिसाद:

संयोजक साहेब, आपल्या व्यवहाराच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण त्यातच मूळ प्रश्नाचा एक दुर्लक्षित भाग आहे.

श्रीलंकेला पाऊस दोन वेळा मिळतो. मेपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी वारे दक्षिण-पश्चिम किनाऱ्याला झोडपतात आणि समुद्र खवळलेला असतो. साधारण नोव्हेंबरपासून ईशान्य पाऊस पूर्वेला पडतो. युद्धाच्या काळात पूर्व किनारा बहुतांशी बंद असल्यामुळे परदेशी पर्यटकांच्या दृष्टीने श्रीलंका हा डिसेंबर ते मार्च एवढाच देश होता. २००९ नंतर त्रिंकोमालीजवळचे निलावेली, पासिकुडा आणि अरुगम बे ही ठिकाणे खुली झाली आणि हॉटेलांना वर्षाचा दुसरा हंगाम मिळाला. पर्यटकसंख्या नऊ वर्षांत पाचपट झाली यामागे भीती कमी होण्याइतकाच या भूगोलाचाही वाटा आहे, असे माझे ठाम मत आहे. ज्या देशाचा एखादा भाग अशांततेमुळे बंद होता, त्याने तो भाग उघडणे ही कोणत्याही प्रसिद्धीहून मोठी गोष्ट असते. अर्थात उत्तरेकडून ताईंचे म्हणणे इथेही लागू होते, कारण पासिकुड्यात मोठी हॉटेले उभी राहिली तेव्हा स्थानिक मच्छीमारांना किनारा अपुरा पडू लागला.

आपण बहुधा मराठी शाळांच्या सुट्टीत, म्हणजे मे महिन्यात, गट नेत असाल आणि त्याच महिन्यात बेंटोट्याला मुक्काम ठेवत असाल. मेमध्ये बेंटोट्याचा समुद्र पोहण्याजोगा नसतो आणि ग्राहक 'श्रीलंकेत काही विशेष नाही' असे सांगत परततात. त्याऐवजी सीगिरिया किंवा दांबुल्लाहून त्रिंकोमालीला या. समुद्र तेव्हा शांत असतो, कोणेश्वरमचे शिवमंदिर कड्यावर आहे, त्याच्याशी रावणाची आख्यायिकाही जोडलेली आहे, म्हणजे आपल्या गटाची रामायणाची अपेक्षाही पूर्ण होईल. सीगिरियाचे प्रवेशशुल्क परदेशी माणसाला तीस डॉलरहून अधिक पडते. सार्क देशांच्या नागरिकांना सवलत आहे, त्यासाठी प्रत्येकाने मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा. जाफन्याचा बेत मात्र पहिल्या वर्षी करू नका. एक छोटा, उत्सुक गट तयार झाला की चेन्नईमार्गे थेट पलालीला उतरवा आणि तिथून दक्षिणेकडे या.

---

विमापत्र_पुणे यांचा प्रतिसाद:

एक छोटी भर. डोंगराळ भागात, विशेषतः नुवारा एलिया आणि बदुल्ला जिल्ह्यांत, वादळानंतर रेल्वेमार्ग आणि घाटरस्ते यांची स्थिती बदलती राहिली आहे. पैसे भरण्यापूर्वी कँडी ते एल्ला रेल्वेचा कोणता टप्पा चालू आहे, याची लेखी खात्री तेथील संयोजकाकडून घ्यावी आणि ग्राहकांच्या विमापत्रात नैसर्गिक आपत्तीमुळे सहल मध्येच सोडावी लागल्यास भरपाईची तरतूद आहे का, हे तपासावे. स्वस्त विमापत्रांत ती अनेकदा नसते.